जादा डाव

भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचून झाली, वालाला दोन-दोन पाने फुटली, की आमच्या भिवंडी तालुक्यातल्या गावांना दुसरेच वेड लागते. रिकाम्या खाचराचे बांध सपाट होतात, ढेकळे फुटतात, पाणी मारून माती दाबली जाते, भोवती बांबू रोवून दिवे टांगले जातात. दोन दिवसांत कालचे भाताचे शेत आजचे कबड्डीचे मैदान होते. त्या मैदानावर मी तीस वर्षांहून अधिक काळ शिट्टी वाजवीत आलो आहे. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्यामुळे आमच्या घरी थट्टेने म्हणतात, की निवडणूक न लढवता सरपंच झालेला हा एकच माणूस!

आज तुम्हाला सांगायचे आहे ते बरोबरीविषयी. चाळीस मिनिटे दोन्ही संघ झुंजले आणि शेवटी पाटीवर दोन्हीकडे सारखेच गुण. मग काय करायचे? प्रश्न साधा वाटतो. पण या प्रश्नावरून आमच्याकडे डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, आणि माझ्या स्वतःच्या बहिणीच्या घरचा उंबरा मला काही महिने जड झालेलाही मी पाहिला आहे.

आमच्या लहानपणी बरोबरी झाली तर भांडण नव्हते. ढाल सहा महिने या गावाच्या देवळात, सहा महिने त्या गावाच्या. पैशाचे बक्षीस असले तर अर्धे-अर्धे. एकदा तर बक्षीस म्हणून बोकड होता आणि दोन्ही गावांनी तो एकाच मांडवात बसून संपवला. तेव्हा सामन्यापेक्षा जत्रा मोठी होती. पुढे बक्षिसे मोठी झाली. चांगला खेळणाऱ्या पोराला रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरी मिळते हे घराघरांत कळले. मग ‘अर्धे-अर्धे’ कोणाला परवडेनासे झाले. निकाल पाहिजे आणि तो आजच पाहिजे.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना जुना हुतूतू आठवत असेल. त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत मारलेला गडी समोरचा गडी मारला की पुन्हा उठायचा. आजची कबड्डी त्याच वाटेने आली. गमिनीत एकदा बाद झाला की संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचे. तिसरा अमर. त्यात गडी मरतच नाही. हात लागला तर समोरच्याला गुण मिळतो, पण गडी मैदानातच राहतो. ठरलेल्या वेळेत ज्याचे गुण जास्त तो जिंकला. अमर मागे पडला, नियमांच्या पुस्तकातून गेला, असे आपण म्हणतो. पण गंमत बघा, बरोबरी झाल्यावर जो जादा डाव आज खेळवतात तो दुसरे काही नसून हा अमरच आहे.

कसा, ते सांगतो. कारण मैदानाच्या मागच्या बाजूला उभे राहून बघणाऱ्याला यातले काहीच कळत नाही आणि मग ओरडा सुरू होतो. बरोबरी झाली की दोन्ही संघांनी सातच्या सात गडी मैदानात उभे करायचे. आधी कोण बाद होता ते सारे विसरायचे. दोन्ही संघांनी पाच-पाच चढायांसाठी पाच वेगवेगळ्या गड्यांची नावे, क्रमाने, आधीच पंचांकडे द्यायची. सामन्याच्या आरंभी ज्याने पहिली चढाई केली त्यानेच इथेही पहिली करायची. गडी बाद होत नाही, उठत नाही, फक्त गुण मोजायचे. आणि एक मोठा फरक. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. जादा डावात निदान रेषेलाच बोनस रेषा धरतात. म्हणजे रेषा एक मीटर जवळ आली, चढाई करणाऱ्याला लोभ झाला आणि पकडणाऱ्यांना घोर लागला.

पाच-पाच चढायांनंतरही बरोबरी राहिली तर नव्याने नाणेफेक आणि मग सुवर्ण चढाई. नाणेफेक जिंकणारा आधी चढाई करतो. ज्याने आघाडीचा गुण घेतला तो जिंकला, सामना तिथेच संपला. त्यातूनही समसमान राहिले, तर अखेर नाणेच निकाल देते. आम्ही पोरे खापरीला थुंकी लावून ‘ओली की सुकी’ करायचो, त्याच जातीचा हा न्याय. तो मला मनापासून कधीच पटला नाही. पण नियम म्हणजे नियम.

हे सगळे आता टीव्हीवर घरोघरी दिसते. व्यावसायिक कबड्डीचे सामने २०१४ साली सुरू झाले. पहिल्या वर्षी मुंबईचा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला, दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, बंगळूरुला हरवून जिंकला. पुण्याच्या संघाला मात्र २०२४ च्या १ मार्चपर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी हैदराबादेत त्यांनी हरियाणाला २८-२५ ने नमवले. कप्तान होता अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला पोर. आमच्या गावात त्या रात्री फटाके वाजले, आणि वाजवणाऱ्यांत निम्मे मुंबईच्या संघाचे भक्त होते!

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या हंगामात, साखळी सामन्यांतूनही बरोबरी काढून टाकली. बरोबरी झाली की जादा डाव, मग तो पहिला सामना असो की शेवटचा. आणि अंतिम फेरीचे पहिले दार उघडणारा सामना नेमका तसाच निघाला. एकीकडे पुणे, दुसरीकडे दिल्ली. चाळीस मिनिटांनंतर ३४-३४. जादा डावात दिल्ली सहा, पुणे चार. दिल्ली सरळ अंतिम सामन्यात गेली. पुण्याला वळसा घालून, आणखी एक सामना जिंकून यावे लागले, आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीतच पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. दिल्लीने तो सामना ३१-२८ असा जिंकला. माझे मत विचाराल तर त्या हंगामाचा निकाल त्या पाच चढायांतच लागला होता. दोघांतले अंतर तीन गुणांचे, आणि दिल्लीच्या अंगावर एक सामना कमी. दमलेल्या अंगाला तीन गुण म्हणजे डोंगर, हे लावणीच्या दिवसांत कंबर मोडलेल्या माणसाला सांगायला नको.

बरोबरी तशीच राहू दिली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०२३ साली चीनमध्ये हांगचौला आशियाई खेळ झाले. आपल्या मुलींचा पहिलाच सामना चिनी तैपेईशी. ३४-३४. गटातला सामना असल्याने बरोबरी तशीच ठेवली, गुण वाटून घेतले. पुढे दोघीही अंतिम सामन्यात आल्या आणि ७ ऑक्टोबरला आपल्या मुली एका गुणाने, २६-२५ ने, जिंकल्या. भारताचे त्या खेळांतले ते शंभरावे पदक. जी गाठ पहिल्या दिवशी सुटली नव्हती ती शेवटच्या दिवशी सुटली.

त्याच दिवशी मुलांचा अंतिम सामना इराणशी होता आणि तो मी पंचाच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून सांगतो. २८-२८ अशी बरोबरी, दीड-एक मिनिट उरलेले, आपला कप्तान पवन सेहरावत चढाईला गेला. कोणाला हात न लागता तो बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे गडीही गेले. आता गुण कोणाला? एक नियम म्हणत होता असे, दुसरा म्हणत होता तसे. पंचांनी एकदा निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. सुवर्णपदक आले, आनंद झाला. पण मला त्या पंचांची दया आली. निर्णय कडू असला तरी चालतो. तो फिरला, की मैदानाचा धाक गेला.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवतात तेही ऐका. माझ्या चुलतभावाचा मुलगा कॅनडात नोकरीला आहे. तिकडे बर्फावर हॉकी खेळतात. पायांत पात्याचे बूट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती. त्यांच्या सर्वांत मोठ्या चषकासाठी, स्टॅन्ली चषक त्याचे नाव, शेवटचे दोन संघ एकदा नव्हे, सातपर्यंत सामने खेळतात. जो आधी चार जिंकेल त्याचा चषक. आणि त्या सामन्यांत बरोबरी झाली तर नाणे नाही, फटक्यांची स्पर्धा नाही. वीस मिनिटांचा जादा डाव. त्यात गोल नाही झाला तर आणखी वीस मिनिटे. तरी नाही तर आणखी. जो पहिला गोल करील तो जिंकला, क्षणात खेळ बंद. २०१४ साली लॉस एंजेलिसने न्यूयॉर्कला चार विरुद्ध एक असे हरवले. ऐकायला एकतर्फी वाटते ना? पण त्या चारांतले तीन विजय जादा डावातले होते, आणि चषक देणारा शेवटचा गोल तर दुसऱ्या जादा डावात झाला. १९३६ च्या मार्च महिन्यात माँट्रियलला डेट्रॉइट आणि तिथल्या मरून्स संघात सामना लागला तो सहाव्या जादा डावापर्यंत गेला. मूळ साठ मिनिटांवर आणखी एकशे साडेसोळा मिनिटे! पहाटेचे दोन वाजून गेल्यावर ब्रुनेटो नावाच्या नवख्या पोराने एकमेव गोल केला.

मला ही रीत आवडली. जमीन कोणाची हे ठरेपर्यंत नांगर धरून उभे राहायचे, असा तो प्रकार. पण कबड्डीत ते जमणार नाही. दम धरून खेळायचा खेळ, अंगावर अंग पडते. तासभर जादा खेळवले तर सकाळी हाडवैद्याच्या दारात रांग लागेल.

आपल्या हॉकीतही जादा वेळ होताच. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाने आपल्याला जवळजवळ घालवलेच होते. अस्लम शेरखानने बरोबरी साधली आणि जादा वेळात हरचरणसिंगने गोल केला, ३-२. दोन दिवसांनी पाकिस्तानला २-१ ने हरवून आपण विश्वचषक घेतला. आमच्या आळीत तेव्हा एकच रेडिओ होता आणि त्याची बॅटरी त्या जादा वेळातच बसायला आली. आवाज बारीक झाला तशी माणसे रेडिओजवळ सरकत गेली, आणि शेवटी वीस-पंचवीस डोकी एका टेबलाभोवती एकमेकांवर रेलली होती. असो.

आता आमच्या गावचे सांगतो. वर्ष २०२३, जानेवारी महिना. स्पर्धा आमच्याच गावात, आणि ज्या खाचरात मैदान केले होते त्याचा सौदा झाला आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. भिवंडी म्हटले की तुम्हाला यंत्रमाग आठवतात. पण माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या बाजूला आता मागांपेक्षा वखारी जास्त. मुंबईचा माल इथे उतरतो, इथून घरोघर जातो. जिथे भात पिकत होते तिथे पत्र्याचे लांबच लांब छप्पर आणि रात्रभर ट्रकची रांग. विकणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. एका भाताच्या पिकावर चार भावांचे भागत नाही, हे मीही जाणतो. एवढेच, की ती त्या मैदानावरची शेवटची स्पर्धा होती आणि म्हणून गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. मागवाले आले, वखारीत काम करणारी परप्रांतीय पोरे आली, बायका मांडवात मावेनात.

अंतिम सामन्यात एकीकडे आमचे गाव, दुसरीकडे माझ्या बहिणीचे सासर. आणि त्यांचा पहिल्या नंबरचा चढाईपटू म्हणजे माझा सख्खा भाचा. दिवसा शेत, रात्री वखारीत माल चढवणे-उतरवणे आणि पहाटे सराव, असे त्याचे दोन वर्षे चालले होते. बक्षिसाच्या रकमेतून त्यांना मॅट घ्यायची होती. जिल्ह्याचे सामने मॅटवर होतात. मातीत वाढलेले पोर मॅटवर गेले की पहिल्या दहा मिनिटांत घसरते, घाबरते. त्या रात्री पाहुण्यांत जिल्ह्याची निवड करणारी माणसेही बसली होती.

सामन्याआधी मी दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितले, “माझे गाव या बाजूला, माझा भाचा त्या बाजूला. मला उठवा, दुसरा सरपंच बघा.” दोघेही म्हणाले, “तुम्हीच पाहिजे.” मी ते गुणपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतले आणि दोघांच्या सह्या घेतल्या. ज्या गावांत पंच गावचाच असतो त्यांनी एवढे अवश्य करावे. तोंडी शब्द गर्दीत हरवतो.

चाळीस मिनिटांनी २७-२७. मग जादा डाव. पाच-पाच चढाया झाल्या, ४-४. नाणे उडवले, माझ्या भाच्याच्या संघाने चढाई घेतली. सुवर्ण चढाईला कोण जाणार हे कोणी विचारलेच नाही. तो मध्यरेषेवर आला, वाकून माती कपाळाला लावली आणि माझ्याकडे बघितले नाही. लहानपणापासून माझ्या खांद्यावर बसून सामने बघितलेले पोर. पण त्या वेळी त्याने माझ्याकडे बघितले नाही, हे मला बरे वाटले.

इथे नियम पुन्हा ध्यानात घ्या. निदान रेषेच्या पलीकडे पाऊल टेकले पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय जमिनीपासून सुटलेला पाहिजे. तरच रेषा ओलांडली. ओलांडली तर गुण आणि सामना त्यांचा. गड्यालाही हात न लावता आणि रेषाही न ओलांडता मध्यरेषेवर परतला, तर तो बाद, गुण समोरच्यांचा आणि सामना आमच्या गावाचा.

आमच्या पोरांनी साखळी धरली होती, कोपरे पुढे आले होते. त्याने उजवीकडे झुकांडी दिली, साखळी तिकडे वळली आणि क्षणात डावा पाय लांबवून त्याने रेषेपलीकडे टेकवला. लगेच मागे उडी, मध्यरेषा, दोन्ही हात वर. त्यांचे गाव मैदानात धावले. ढोल वाजू लागले.

मी रेषेच्या टोकाशी उभा होतो. डावा पाय पलीकडे टेकला तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मातीतून घासत येत होता. उचललेला नव्हता. मी शिट्टी दिली आणि त्याला बाद दिले.

मग जे झाले ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. खुर्च्या उडाल्या. “गावासाठी भाच्याला मारला” असे एक ओरडला आणि पाठोपाठ शंभर ओरडले. आमच्या गावची काही पोरे मला खांद्यावर घ्यायला आली, तो प्रकार मला त्या शिव्यांहून जास्त लागला. मी त्यांना झटकले, रेषेजवळ जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि कोणाला त्या जागेवर पाऊल टाकू दिले नाही. बाजूच्या पंचाला विचारले; त्याने सर्वांदेखत सांगितले, “पाय लागलेला होता.” मग दोन्ही कप्तानांना आत घेतले, दिवा खाली धरायला लावला. पाणी मारून दाबलेल्या मातीवर, निदान रेषेच्या अलीकडे, वीतभर लांबीची अंगठ्याची रेघ होती. भाताची मळणी झालेल्या मातीवर उंदराचे पाऊलसुद्धा उमटते; हा तर पन्नास-साठ किलोचा पोर. त्यांचा कप्तान खाली बसला, रेघेवरून बोट फिरवले आणि उठून आपल्या माणसांना एवढेच बोलला, “रेघ हाय. चला.”

भाचा तोवर मैदानाबाहेर गेला होता.

माझी बहीण बायकांच्या मांडवात होती. ती निघताना माझ्यासमोर आली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, “दादूस, तुज्या घरान त्याला जेवू घातलास न मैदानान उपाशी ठेवलास.” मी काय बोलणार? रेघ तिला दाखवता आली असती. पण आईला रेघ दाखवायची नसते.

होळीला ती आली नाही. आखाडातही नाही. आमच्याकडे १५ जुलैला बुवा साळवींच्या जन्मदिवशी कबड्डी दिन करतात. शंकरराव साळवींनी या खेळासाठी आयुष्य घालवले. तो दिवस नेमका लावणीच्या धामधुमीत येतो, म्हणून चिखलातल्या चिखलात पोरे दोन-चार चढाया करतात आणि पुन्हा रोपांना लागतात. दर वर्षी भाचा त्या दिवशी आमच्याकडे लावणीला यायचा. त्या वर्षी आला नाही. आम्ही दोन मजूर जास्त लावले. भाऊबीजेला मीच तिच्या गावी गेलो. तिने ओवाळले, जेवायला वाढले, सामन्याचा शब्द निघाला नाही. भाचा घरी नव्हता. “रात्रपाळी हाय,” ती म्हणाली. दिवाळीत वखारींना खरोखरच रात्रपाळी असते, म्हणून मी ते खरे धरले.

जिल्ह्याच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. आमच्या गावच्या एका कोपरारक्षकाचे आले. निवडणाऱ्यांनी त्या एका चढाईवरून ठरवले असेल असे मला वाटत नाही. पण माणूस घरी बसून जोडायचे तेच जोडतो.

मैदान त्याच वर्षी पावसाआधी भरावाखाली गेले. आता तिथे वखार आहे आणि तिच्या फाटकाशी उभे राहिलो तर निदान रेषा कुठे होती हे मला अंदाजानेच सांगावे लागेल. पुढच्या वर्षीची स्पर्धा बहिणीच्या गावात झाली. त्यांनी मॅट घेतली होती, घरटी वर्गणी काढून आणि दोन हप्ते उधार ठेवून. मला निमंत्रण आले ते गावाच्या शिक्क्याचे, सरपंच म्हणूनच. मी गेलो. मॅटवर उभा राहिलो आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की मॅटवर रेघ उमटत नाही. अंगठा घासला काय, न घासला काय, मागे काही राहत नाही. म्हणून मी हट्ट धरून दोन्ही निदान रेषांच्या टोकांना एकेक जास्तीचा माणूस बसवला आणि एका पोराला मोबाइल धरून रेषेवर रोखून ठेवायला सांगितले. मॅट घेणाऱ्या सगळ्या मंडळांनी हे करावे असे मी सुचवतो. खर्च काही नाही, चहा तेवढा द्यावा लागतो.

तिथेच भाचा भेटला. गुडघ्याला पट्टी होती. माल उतरवताना पाय मुरगळला होता, त्या वर्षी खेळत नव्हता. गुणलेखकाच्या टेबलावर बसला होता. सामना सुरू होण्याआधी माझ्यासमोर चहा ठेवला आणि खिशातून घडी घातलेले नियमांचे पुस्तक काढले. पंच परीक्षेला बसणार आहे म्हणाला.

“मामा, जादा डावात पाच नावे दिली आणि त्यातला एक पहिल्याच चढाईत जखमी झाला, तर सहावा घालता येतो का?”

मी म्हटले, “पान काढ. आधी पुस्तक काय म्हणते ते वाच, मग मी सांगतो.”